गिरणीचं गाणं

“ताई, गाण्यात पंखा येतोय.”

हे सांगणारा मुलगा सातवीतला. शेवटच्या बाकावर, भिंतीच्या कडेला बसणारा. आधीच्या चार शनिवारांत मी त्याचा आवाज जेमतेम दोनदा ऐकला असेल. वर्गाने मिळून रचलेलं गाणं आम्ही पहिल्यांदा मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतं आणि सगळे दाटीवाटीने उभं राहून ऐकत होतो. बाकीची तेहतीस मुलं आपापला आवाज शोधत होती, सापडला की शेजारच्याला ढोसत होती. हा मात्र मान कलती करून गाण्याच्या मागचं काहीतरी ऐकत होता. मी पुन्हा लावलं. खरंच, पंखा होता. दर फेरीला एक बारीकशी कुरकुर, आणि ती नेमकी आमच्या लयीच्या आड येत होती. वीस वर्षं स्टुडिओत गेलेल्या माझ्या कानांनी ती सोडून दिली होती.

त्याने उठून पंखा बंद केला. मग खिडकीशी गेला. बाहेर हापशावर कुणीतरी पाणी भरत होतं, ते थांबेपर्यंत तिथेच उभा राहिला. मग वळून विचारलं, “ह्ये असं ऐकायचं काम कोण करतंय का, ताई? म्हंजे नोकरी असती का ह्याची?”

पुण्याहून मिरजेजवळच्या त्या गावात मी पाच शनिवार येत होते ते कशासाठी, हे मला त्या प्रश्नाने नीट सांगितलं.

माझं काम संगीत संयोजनाचं. संगीतकार चाल बांधतो. ती चाल कुठल्या वाद्यावर सुरू होईल, बासरी कुठे शिरेल, दोन कडव्यांच्या मध्ये किती मात्रांचा तुकडा वाजेल, व्हायोलिनवाल्यांच्या पुढ्यात कुठले स्वर लिहून ठेवायचे, हे ठरवतो तो संयोजक. गाणं ऐकणाऱ्या बहुतेकांना असा कुणी माणूस असतो याची कल्पना नसते. शाळेत असताना मलाही नव्हती. हार्मोनियम बरी वाजायची, गळा बेताचा होता, त्यामुळे संगीत हे माझं क्षेत्र नाही असं मला नववीतच सांगण्यात आलं होतं आणि मी ते मान्यही केलं होतं. तिथून परत वळायला मला सात वर्षं लागली. ती सात वर्षं कुणाची जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं.

माझी एक शाळासोबतीण त्या गावात शिक्षिका आहे. शनिवारी दप्तर आणायचं नाही, हातांनी काहीतरी करायचं, अशी त्यांच्याकडे सोय झाली तेव्हा तिने मला बोलावलं. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना, आपल्या परिसरातल्या सुतार, माळी, कुंभार, कलावंतांच्या सोबत काढावेत असं लिहिलं आहे. ती ओळ मला फार आवडते. पण पहिल्या खेपेला मी चुकले. मी फळ्यावर यादी लिहिली: गायक, वादक, गीतकार, संगीतकार, संयोजक, साउंड रेकॉर्डिस्ट, संगीतशिक्षक, वाद्य बनवणारे. प्रत्येकापुढे कुठे शिकता येतं ते. मुलांनी सगळं वहीत उतरवून घेतलं, तारखेसकट. काही विचारायचं आहे का म्हटल्यावर एकच हात वर आला. “टीव्हीवरच्या स्पर्धेत नाव कुठं द्यायचं?”

चूक मुलांची नव्हती. निबंध ती स्वतः लिहितात. चित्रकलेच्या तासाला चित्र स्वतः काढतात. गाणं मात्र त्यांना कायम तयार मिळालेलं. परिपाठाला ठरलेली प्रार्थना, स्नेहसंमेलनाला कुणाच्या तरी गाण्याचा ट्रॅक आणि त्यावर बसवलेला नाच. जी गोष्ट कधी केलीच नाही, तिच्या पोटातली कामं दिसणार कुठून? ज्याने शेतात पाय ठेवला नाही त्याला पेरणी, कोळपणी आणि भांगलण यांतला फरक यादी देऊन कळत नाही.

म्हणून पुढच्या खेपेला मी यादी घरी ठेवली आणि फळ्यावर एकच प्रश्न लिहिला: घरातून निघून शाळेत पोचेपर्यंत काय काय ऐकू येतं?

सुरुवातीला पक्ष्यांची किलबिल आली. ती पुस्तकातून आली होती, त्यामुळे मी लिहून घेतली आणि थांबले. मग खरे आवाज यायला लागले. उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी, दोन ट्रॉल्या जोडलेल्या असल्या की मागून येणारा खडखडाट. मोटरसायकलच्या दोन्ही अंगांना लटकवलेले दुधाचे कॅन. द्राक्षबागेतला फवारणीचा ब्लोअर. पहाटेची अजान आणि त्याच सुमाराची काकडआरती. “आज्जाचं खाकरणं,” असं एक मुलगी म्हणाली आणि वर्ग हसला, पण प्रत्येकाच्या घरात एक आज्जा होता. एका मुलाने म्हटलं, “गिरणी.” यावर मघापेक्षा मोठा हशा झाला, कारण तो पिठाच्या गिरणीवाल्याचाच मुलगा. मुलं लगेच ‘घर्रर्र’ करायला लागली. तो लाल झाला, पण बसला नाही. म्हणाला, “घर्र समदीकडंच करती. आमची टप्प बी करती.”

मला कळेना. त्याने हाताने दाखवलं. मोटरपासून जात्यापर्यंत जो लांब पट्टा फिरतो तो एके ठिकाणी लोखंडी क्लिपांनी जोडलेला आहे, आणि तो सांधा दर फेरीला पुलीवरून जाताना टप्प वाजतो. दळण जड असेल तर टप्प सावकाश पडतं. शाळूचं आणि गव्हाचं टप्प वेगळं, असंही त्याचं म्हणणं. वडील आत जेवायला बसलेले असले तरी आवाजावरून ओरडून सांगतात, घास कमी सोड.

पुढच्या शनिवारी आम्ही चौतीस मुलं, मी आणि माझी मैत्रीण गिरणीत जाऊन उभे राहिलो. पाच मिनिटांची वाट. गिरणीवाल्यांच्या भुवया, मिशा, कानांच्या पाळ्या, सगळं पिठाने पांढरं. मुलगा काहीसा संकोचला होता. पण पट्टा सुरू झाला आणि सगळ्या वर्गाने एकदम ऐकलं. टप्प. टप्प. टप्प. कुणीच बोलेना. रोज डबा घेऊन जिथे उभं राहायचं, तिथली लय त्यांना पहिल्यांदा ऐकू आली होती. मी रेकॉर्ड करून घेतलं. बरं झालं घेतलं, कारण निघताना गिरणीवाले म्हणाले की पट्टा झिजलाय, दिवाळीपर्यंत बदलणार. नवा बिनसांध्याचा येतो, मग हा आवाज नाही.

तेवढ्यात मागे डबा वाजायला लागला.

धान्याच्या पोत्यावर बसलेला एक मुलगा पत्र्याच्या डब्यावर बोटं चालवत होता. दोन टप्पांच्या मध्ये जी मोकळी जागा होती, तिथे तो असं काही भरत होता की पट्टा त्याच्यासाठीच फिरतोय असं वाटावं. एकदा त्याने मुद्दाम हात उचलला, टप्प एकट्याला पडू दिलं, आणि उलट्या अंगाने आत शिरला. हे शिकवून येत नाही. निदान पुस्तकाने तरी येत नाही. मी विचारलं, “कुठे शिकलास रे?” त्याने मान खाली घातली. उत्तर दुसऱ्याच पोराने दिलं, हळू आवाजात: “त्येंच्यात हलगी वाजवत्यात.”

त्या ‘त्येंच्यात’मध्ये काय भरलेलं आहे ते महाराष्ट्रातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. हलगी ज्यांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्यांना आपण लग्नाच्या वरातीत, जत्रेत, कुस्तीच्या फडात आणि मयतीला बोलावलं, आणि वाजवून झाल्यावर मांडवाच्या बाहेर उभं केलं. एका हातात जाड काठी, दुसऱ्यात बारीक छडी, चामडं जाळावर शेकून चढवायचं, आणि मग दोन हातांचे दोन वेगळे विचार एका लयीत बसवायचे. हे काम तबल्याइतकंच बुद्धीचं आहे. पण तबल्याला परीक्षा आहे, प्रमाणपत्र आहे, भिंतीवर लावायला फ्रेम आहे. हलगीवाल्याच्या पोराला आपल्या घरात संगीत आहे हेच कुणी सांगितलेलं नसतं. त्याला वाटतं घरात आहे ती फक्त जात.

मी त्या दिवशी मोठं भाषण केलं नाही. फक्त म्हटलं की आपल्या गाण्याचा ताल हा बसवणार, आणि मीही याच्याकडून शिकणार. पुढच्या शनिवारी तो काकांची हलगी घेऊन आला, पिशवीत गुंडाळून. शाळेच्या फाटकापर्यंत पिशवीत. परत जाताना खांद्याला उघडी होती.

त्याला मी मुंबई विद्यापीठातल्या लोककला अकादमीबद्दल सांगितलं. दहावीच्या वाढीव गुणांमध्ये शास्त्रीय कलांबरोबर लोककलाही धरल्या जातात हेही सांगितलं. पण हे नंतर. आधी त्याने ताल बसवला.

शब्दांचं काम सगळ्यात रेंगाळलं, आणि मला सगळ्यात जास्त तिथेच शिकायला मिळालं. नियम एकच होता: प्रत्येक बाकाने एक ओळ द्यायची, आणि दुसऱ्या कुठल्याही बाकाला ती बदलायची मुभा. पहिली ओळ गिरणीवाल्याच्या मुलाची. दुसरी कुणाची ते सांगता येणार नाही, कारण ती सात जणांच्या हातांखालून गेली.

टप्प टप्प टप्प टप्प गिरणीचा पट्टा,
पांढऱ्या मिशा बघून पोरं करती थट्टा.

ज्यांनी त्याची थट्टा केली होती त्यांनीच ही ओळ पुरी केली. मी त्यावर काही बोलले नाही, त्यांनीही नाही.

खरा वाद पेटला तो वीज जाण्यावरून. गाण्यात एका जागी लाइट जाते आणि गिरणी थांबते, हे सगळ्यांना हवं होतं, कारण ते रोजचंच आहे. पुढून तिसऱ्या बाकावरच्या मुलीने ओळ दिली: ‘लाईट गेली, गिरणी थांबली, कान झालं मोठं.’ म्हणजे आवाज बंद झाला की कान मोठे होतात. बारा वर्षांच्या मुलीला शांततेबद्दल हे सुचलं, याने मी हरखून गेले. पण वर्गातल्याच एका हुशार मुलाने हरकत घेतली. ‘कान झाले मोठे’ पाहिजे, ‘झालं मोठं’ अशुद्ध. बाईंनी शिकवलंय. सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. माझी मैत्रीण मराठीच शिकवते. तिने विचारलं, “पुढची ओळ काय आहे?” पुढची ओळ होती:

डब्यामधली ज्वारी विचारी, पीठ माझं कुठं?

‘मोठे’ केलं तर ‘कोठे’ करायला लागणार. “घरी कोण म्हणतंय कोठे?” एकाने विचारलं. कुणीच म्हणत नव्हतं. मैत्रिणीने खडू ठेवला आणि म्हणाली, “परीक्षेत मोठे. गाण्यात मोठं.” मला तिचा इतका अभिमान वाटला! आपल्या शाळांत मुलांची बोली रोज लाल शाईखाली जाते. त्या बोलीत यमक जुळतं, लय बसते, आणि ती गाण्याला शोभते हे मुलांना कुणी दाखवत नाही. गीतकार म्हणजे काय, यावर मी तासभर बोलले असते तरी तो तास त्या एका अनुस्वारापुढे फिका पडला असता.

आणि मग आजी आली. प्रत्यक्षात नाही, नातीच्या तोंडून. ती मुलगी घरी गिरणीचं गाणं गुणगुणत होती तेव्हा आजीने म्हणे विचारलं, ह्यात जातं कुठं हाय? गिरणीच्या आधी काय व्हतं? मुलीने आजीचं बोलणं जसंच्या तसं आणलं आणि वर्गाने ते दोन ओळींत बसवलं:

आजी म्हणती, अंधाराचं कोंबड्याआधी उठायचो,
दळण सरलं तरी बाई ओवीसाठी बसायचो.

इथे मी मुलांना एक खरी गोष्ट सांगितली. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हँ या दोघांनी १९८०च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक. त्यांतल्या कित्येक आता ऐकताही येतात, आणि ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव असतं. मी सांगितलं की मिळून गाणं करायचं मी काही पुण्याहून आणलेलं नाही. एकीने ओळ टाकायची, जात्याच्या दुसऱ्या बाजूला बसलेल्या जावेने ती पुरी करायची, खुंटा दोघींच्या हातात. हे तुमच्या घरात चालत आलेलं आहे, मध्ये फक्त दोन पिढ्यांचा खंड पडला. लोकांच्या ओव्या गोळा करणं, त्यांचा अभ्यास करणं, त्या जपून ठेवणं हेही आयुष्यभर करण्याजोगं काम आहे. हे ऐकून मुलं बराच वेळ गप्प होती. त्या गप्प बसण्यात कंटाळा नव्हता, एवढं मला नक्की कळलं.

चालीचं सांगायचं तर वर्गात एक मुलगी गाणारी आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या ‘प्रवेशिका पूर्ण’पर्यंतच्या गाण्याच्या परीक्षा झालेल्या, शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमात ईशस्तवन तिचंच. तिने भूप रागात चाल सुचवली, सा रे ग प ध, आणि ती छान होती. पण ‘पीठ माझं कुठं?’ म्हणताना गिरणीवाल्याचा मुलगा दर वेळी कोमल नीवर जायचा. “भूपात नी नसतो,” ती म्हणाली. बरोबरच होतं, भूपात म आणि नी वर्ज्य. पण त्या नीमुळे प्रश्न प्रश्नासारखा वाटत होता. आख्खा शनिवार ती अडून राहिली. जाताना माझ्यापाशी येऊन म्हणाली, “मग ह्याला भूप म्हणायचं नाही. नुसतं आपलं गाणं म्हणायचं.” परीक्षेचा अभ्यास आणि रचना करणं यांतलं अंतर तिला त्या दिवशी कळलं, आणि दोन्ही हवंत हेही. विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेतच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून गुरूच्या घरातलं गाणं सगळ्यांसाठी उघडं केलं, आणि १९३१ साली मिरजेतच गेले. ज्या मंडळाची परीक्षा ती देते, त्याची मुळं तिच्या गावापासून काही मैलांवर आहेत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पुढे शिकायचं तर कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात संगीताचा विभाग आहे, पुण्याला ललित कला केंद्र आहे. तिने हे सगळं वहीत लिहून घेतलं. यावेळी मी काही लिहा म्हटलंच नव्हतं.

तर, पंखा. गोधड्या आणून खिडक्यांवर टांगल्या. हापशावर एका मुलाला राखण ठेवला. लाइट जाण्याच्या जागी आम्ही एक पूर्ण आवर्तन रिकामं सोडलं होतं, गिरणी बंद, हलगी बंद, गाणं बंद. त्या आठ मात्रांसाठीच पंख्याचं एवढं महत्त्व होतं. शेवटच्या बाकावरच्या मुलाने हेडफोन माझ्याकडून मागून घेतला आणि शाळा सुटेपर्यंत काढला नाही. तो हात वर करून थांबवायचा, “चिमणी गेली मधनं,” म्हणायचा आणि पुन्हा घ्यायला लावायचा. सहाव्या वेळी ते रिकामं आवर्तन साफ आलं. त्याला मी सांगितलं की हो, ही नोकरी असते. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये पदवीनंतर आवाजाचा अभ्यासक्रम आहे. तिथेच शिकलेल्या रसूल पूकुट्टींना २००९ साली ध्वनिमिश्रणाचं ऑस्कर मिळालं. त्याने ऑस्करबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं ते हे: “तितं पंखा कसा बंद करत्यात? एवढी माणसं आत असताना?”

मग एक दिवस आम्ही मिरजेला सतारमेकर गल्लीत गेलो. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तंतुवाद्यं करायला घेतली, आणि अजून त्याच गल्लीत भोपळे वाळताना दिसतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मुलं भोपळ्यांना हात लावून बघत होती; पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतला भोपळा एवढा मोठा होतो यावर त्यांचा विश्वास बसेना. एक कारागीर तंबोऱ्याची घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती पट्टी, कानसीने घासत होते. एक घास, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घास. काय करताय विचारल्यावर ते म्हणाले, “जवारी काढतोय.” आमची पोरं फुटलीच. डब्यातली ज्वारी इथं कशी? त्यांनी न रागावता तारेखाली सुताचा धागा जरासा सरकवला, आणि नुसती ‘टण’ वाजणारी तार एकाएकी फुलून आली, एका स्वरातून बाकीचे स्वर उमलायला लागले. हसू जागच्या जागी थांबलं. “ही जवारी,” ते म्हणाले. शेवटच्या बाकावरचा मुलगा त्यांच्या गुडघ्याला टेकून बसला तो उठेचना.

परतीच्या एस.टी.त एका मुलाने विचारलं, “ताई, ह्यात पैसे मिळत्यात का?” त्याच्या घरी हा प्रश्न विचारला जाणार होता, म्हणून त्याने आधीच विचारून घेतला. मी खरं सांगितलं. नेमाने मिळत नाहीत. मला एका महिन्यात चार गाणी मिळाली आहेत आणि त्यानंतर तीन महिने एकही नाही. ओळखीतले बरेच जण शिकवण्या घेतात आणि त्यावर घर चालतं. मांडवात साउंड लावणारे, हार्मोनियम दुरुस्त करणारे कधीकधी गाणाऱ्यांपेक्षा बरे कमावतात. मुलांना प्रसिद्धीची गोष्ट सांगून संगीताकडे ओढू नये असं माझं ठाम मत आहे. तेवीसाव्या वर्षी मी एका जाहिरातीसाठी आठ सेकंदांची चाल केली होती. पाकिटात पाचशे रुपये मिळाले. ती चाल पुढे कितीतरी वर्षं रेडिओवर वाजत राहिली. शिंप्याच्या दुकानात उभी असताना ती कानावर पडायची आणि ही माझी आहे असं म्हणायला माझ्याजवळ कागदाचा एक चिटोराही नव्हता. चाल कुणी केली तिथे नाव असावं, हा हक्क तेव्हाही कायद्यात होता. मला कुणी सांगितला नव्हता.

म्हणून शेवटच्या शनिवारी मी फळ्यावर १९५७चा कॉपीराइट कायदा लिहिला. मैत्रिणीला वाटलं मुलं कंटाळतील. पण गाणं आता त्यांचं होतं. शब्दांचा हक्क वेगळा, चालीचा वेगळा, रेकॉर्डिंगचा वेगळा, हे सांगताच त्यांनी आपलं गाणं तीन भागांत वाटायला घेतलं. २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा दुसऱ्या कुणाच्या नावावर लिहून देता येत नाही. वारसाला किंवा हक्क सांभाळणाऱ्या संस्थेलाच देता येतो. तशी एक संस्था, इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, १९६९पासून आहे. एकाने हात वर केला. कुठली ओळ कुणाची हे आता सांगताच येत नाही, मग? मग सगळ्यांची मिळून एक कृती, मी म्हटलं. आणि ती तुमच्यातला सगळ्यात शेवटी जो जाईल, त्याच्यानंतर साठ वर्षं तुमची. गणित लगेच मांडलं गेलं. त्यांच्यातले बरेच २०१२चे. कुणीतरी नव्वद वर्षं जगेल, म्हणजे २१०२. अधिक साठ. २१६२! हा आकडा त्यांनी गाण्याच्याच चालीत तीनदा म्हटला.

मग नावं लिहायची होती. हजेरीपटाप्रमाणे लिहावीत की कामाप्रमाणे, यावर अर्धा तास गेला, आणि शेवटी कामाप्रमाणे ठरलं. ताल: एक नाव, शिवाय गिरणीचा पट्टा. आवाज: एक नाव. चाल: पाच. शब्द: सगळे. हापशावरची राखण: एक. आजीची गोष्ट आणणारी मुलगी उठली. म्हणाली, आजीचं नाव राहिलं. ती ओळ तिच्या बोलण्याची आहे.

“नाव काय आजीचं?” मी खडू उचलला.

ती थांबली. घरात सगळे तिला आजी म्हणतात, शेजारी थोरली बाई म्हणतात. रेशन कार्डावर काय आहे ते तिला आठवेना. फळ्यावर जागा मोकळी सोडली आणि ती जेवणाच्या सुट्टीत पळत घरी गेली.

परत आली ती एका कागदावर दोन नावं घेऊन. एक लग्नानंतर ठेवलेलं, साठ वर्षं कागदोपत्री चालत आलेलं. दुसरं माहेरचं. आजीने म्हणे आधी पहिलं सांगितलं, मग नातीला दारातून परत बोलावलं आणि दुसरं सांगितलं. ओव्या ती माहेरी शिकली होती, आईच्या मांडीला डोकं लावून. लिहायचंच असेल तर ते लिव्ह, म्हणाली.

शब्दांच्या रकान्यात पस्तिसावं नाव म्हणून आम्ही तेच लिहिलं.